वकिलीतील उमेदवारी आता कोणी करायची?

निवृत्त_रोखपाल
माझी धाकटी मुलगी पुण्यात विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. तिच्यापुढे सध्या दोन वाटा आहेत. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारे एक ज्येष्ठ परिचित तिला हाताखाली घेण्यास तयार आहेत, आणि खराडीतील एका परदेशी कंपनीच्या विधी विभागातही तिला संधी मिळू शकते. तिचे स्वतःचे म्हणणे असे आहे की दोन्हीकडे सुरुवातीची वर्षे ज्या कामात जातात, म्हणजे निवाडे शोधणे, मसुदे लिहिणे, करार वाचणे, ती सर्व कामे आता संगणक काही मिनिटांत करतो, मग तिला कोणी कशासाठी ठेवावे?

मी बँकेत रोखपाल होतो. आमच्याकडे संगणक आले तेव्हा संघटनेने विरोध केला, मीही घोषणा दिल्या. पुढे कोणाचीही नोकरी लगेच गेली नाही. मात्र ज्या खातेवहीवर नवा कारकून काम शिकत असे ती वहीच गेली, आणि नंतर आलेल्या मुलांना ताळेबंद का जुळत नाही हे शोधता येईना. वकिलीतही तसेच होणार आहे काय, हा माझा प्रश्न आहे. या व्यवसायातील जाणकारांनी कृपया अनुभवाने सांगावे.

दिवाणी_वकील
आपला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. मला वकिली करून एकतीस वर्षे झाली. पहिली दोन वर्षे माझ्या ज्येष्ठांनी मला एकही अर्ज चालवू दिला नाही. नक्कल विभागात अर्ज देणे, रोजनामा पाहून तारीख लिहून आणणे, नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे निवाड्यांचे खंड ग्रंथालयातून काढणे आणि जुन्या कैफियती, म्हणजे दाव्याला दिलेली लेखी उत्तरे, हाताने उतरवून घेणे, एवढेच माझे काम होते. मुळशी तालुक्यातील एका बांधाच्या दाव्यातील कैफियत उतरवून घेताना माझ्या लक्षात आले की चौथ्या परिच्छेदात दिलेली पूर्वेची हद्द आणि शेवटी मिळकतीच्या वर्णनात दिलेली पूर्वेची हद्द एक नाही. मी ते ज्येष्ठांना दाखवले. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी युक्तिवादाच्या वेळी मात्र त्यांनी मला मागच्या बाकावरून उठवून आपल्या शेजारी उभे केले.

आज माझा ज्युनिअर नक्कल विभागाकडे फिरकत नाही. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक असतो, तो मोबाइलवर टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. ही सोय उत्तम आहे आणि ती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु ज्या कष्टाच्या कामात आम्ही नकळत शिकलो ते कामच उरले नाही, तर शिकायचे कोठे, याचे उत्तर मलाही ठाऊक नाही.

कोडवाला_बावधन
वकीलसाहेब, आपला अनुभव वाचून आनंद झाला, तरी मला त्यात थोडे स्मरणरंजन दिसते. दोन परिच्छेदांतील हद्दी जुळत नाहीत हे शोधणे नेमके यंत्राचे काम आहे आणि ते काम ते एका मिनिटात करील. आपल्या शिक्षणासाठी दोन वर्षे जी लांबण लागली तिचे पैसे शेवटी कोणीतरी पक्षकारच देत होता ना? रुग्णाच्या खर्चाने डॉक्टरने शिकावे, असे आपण म्हणणार नाही.

दिवाणी_वकील
यंत्राने ती विसंगती शोधली असती हे मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून कोणतीही मिळकतीची फाइल हातात आली की मी सर्वप्रथम चतुःसीमा वाचतो, आणि ही सवय मला कोणी एका मिनिटात लावू शकले नसते. डॉक्टरांचे म्हणाल तर ते रुग्णांवरच शिकतात. फक्त त्यांच्या मागे कोणी वरिष्ठ उभा असतो.

अर्धवट_पुणेकर
कृत्रिम बुद्धिमत्तेला अजून एक गोष्ट येत नाही आणि तीवरच ज्युनिअर वकिलांचे भवितव्य सुरक्षित आहे, ती म्हणजे सकाळी साडेदहा वाजता शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात दुचाकी लावणे.

चाकणची_करारवाली
मी दिवाणी न्यायालयाबद्दल बोलणार नाही, कारण तेथे मी सहा महिन्यांहून अधिक टिकले नाही. गेली अकरा वर्षे मी चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या विधी विभागात आहे. आमचे मुख्य ग्राहक जर्मनीत आहेत. कारखाना खेड तालुक्यात, कामगार मराठवाड्यातील, पोलाद झारखंडचे, करार जर्मन कायद्याखालील आणि वाद झाला तर लवाद सिंगापुरात, अशी आमच्या एका सामान्य करारनाम्याची कुंडली असते. १९९६ चा आपला लवाद कायदा संयुक्त राष्ट्रांच्या आदर्श मसुद्यावर बेतलेला असल्यामुळे सिंगापूरची भाषा आम्हाला अगदीच परकी वाटत नाही, एवढाच काय तो दिलासा.

अशा करारांचे पहिले वाचन आता संगणकच करतो. नुकसानभरपाईची मर्यादा कोठे आहे, विलंबासाठी किती दंड आहे, आमच्या नेहमीच्या अटींपासून कोणते कलम दूर गेले आहे, हे सर्व तो रंगवून दाखवतो. पूर्वी यासाठी दोन मुली दोन दिवस बसत. पण गेल्या वर्षी एका करारात सर्व कलमे सरळ दिसत असूनही आम्ही अडचणीत आलो, कारण आमच्या खरेदी विभागातील एका गृहस्थांनी तीन महिने आधीच एका पत्रात ग्राहकाला किमतीची हमी देऊन टाकली होती. ते पत्र करारात नव्हते, त्यामुळे यंत्राला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते शोधले ते माझ्या हाताखालच्या मुलीने, तेही उपाहारगृहात त्या गृहस्थांच्या शेजारी जेवताना.

मूळ धागाकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. आमच्याकडे नव्या मुलीने पहिले सहा महिने करार आधी स्वतः वाचायचा, टिपणे कागदावर लिहायची आणि त्यानंतरच यंत्राचे टिपण उघडून दोन्ही ताडून पाहायची, असा शिरस्ता मी घातला आहे. त्यात वेळ जातो आणि वरून विचारणाही होते, पण मी तो सोडलेला नाही.

तारखेवाली
मी वकील नाही, सोळा वर्षे चालू असलेल्या वाटणीच्या दाव्यातील वादी आहे. तंत्रज्ञानाने वकिली कशी बदलली ते मी एका वाक्यात सांगते. पूर्वी माझे वकील सांगत, “आज साहेब रजेवर होते,” आणि आता मला मोबाइलवर स्वतःलाच वाचता येते की वादीच्या वकिलांच्या विनंतीवरून तारीख दिली.

अर्धवट_पुणेकर
तारखेवाली ताई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात; आता ती पायरी घरबसल्या खिशात आली आहे, म्हणून सावध राहावे.

पूर्वाश्रमीचा_एलपीओ
मुलीचे वडील ज्याला भीत आहेत ते माझ्या बाबतीत घडून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२००९ मध्ये वकिलीची सनद घेतल्यावर मी पुण्यातच अमेरिकी खटल्यांची कागदपत्रे तपासणाऱ्या एका कंपनीत लागलो; परदेशी वकिलांचे काम करून देणाऱ्या अशा कंपन्यांना एलपीओ म्हणतात. काम रात्रीचे होते. तिकडच्या दाव्यांत दोन्ही बाजूंना परस्परांचे लाखो ईमेल उघड करावे लागतात. त्यांतील कोणता संबंधित आहे आणि कोणता वकील व अशील यांच्यातील गोपनीय संवाद म्हणून रोखून धरायचा, हे ठरवण्यासाठी एका मजल्यावर आम्ही दीडशे जण बसत होतो. तिकडच्या वकिलाच्या तासाच्या दरात आमचा आठवडा निघत असे, हेच त्या धंद्याचे रहस्य होते. जागतिकीकरणाचा लाभ म्हणतात तो मी महिन्याच्या एक तारखेला अनुभवत होतो आणि तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायदंडाधिकाऱ्यांनी, अँड्र्यू पेक यांनी, कागदपत्रांची छाननी संगणकाकडून करून घेण्यास एका खटल्यात मान्यता दिली. वकिलांनी काही हजार कागद नमुन्यादाखल तपासायचे आणि त्यावरून उरलेले संगणकाने ओळखायचे, अशी ती पद्धत होती. आमच्या कँटीनमध्ये त्या निकालाची प्रत फिरली, आम्ही हसलो, आणि दोन वर्षांत आमच्या मजल्यावर चाळीस जण उरले. म्हणजे आज जी चर्चा चालली आहे ती आमच्यासाठी दशकभरापूर्वीची शिळी भाकरी आहे.

तेव्हा मला सर्वांत जास्त कशाची चुटपुट लागली, तर पाच वर्षे काम करूनही मला स्वतःचा असा एकही पक्षकार नव्हता आणि भारतातला एकही दावा अथपासून इतिपर्यंत माहीत नव्हता. मी वकिलीचा एक तुकडा फार चांगला शिकलो होतो. आता मी हवेलीत जमिनींचे शोध अहवाल तयार करतो, आणि त्या कामासाठी तलाठ्याशी बोलावे लागते.

मोडीवाचक
शोध अहवालांवरून आठवले. पुण्याच्या परिसरातील जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे आजही मोडीत सापडतात. मी ती वाचून लिप्यंतर करून देतो. गेल्या महिन्यात एका तरुण वकिलांनी मोबाइलवर काढलेले छायाचित्र यंत्राला दाखवले, तेव्हा त्याने आत्मविश्वासाने एक अस्खलित खरेदीखत वाचून दाखवले. मूळ कागद गहाणखत होता.

कोडवाला_बावधन
मोडीवाचक, आपल्या उदाहरणापुढे मी हात टेकले. तरी ही सर्व आजची मर्यादा आहे, कायमची नव्हे, हे माझे मत तसेच आहे.

परदेशस्थ_पुणेकर
मी सतरा वर्षे जर्मनीत आहे आणि पुण्यातील वकिलांचा ग्राहक या नात्याने लिहितो. वडिलांच्या पश्चात कर्वेनगरची सदनिका विकायची होती. भावाच्या नावे मुखत्यारपत्र येथे केले आणि येथील भारतीय दूतावासाकडून ते साक्षांकित करून घेतले, कारण परदेशी कागद एका शिक्क्यावर मान्य करणाऱ्या अपोस्टिलच्या हेग करारात भारत २००५ पासून असला, तरी जर्मनीच्या आक्षेपामुळे तो या दोन देशांत लागू नाही. एवढे सगळे मी इंटरनेटवर वाचून केले आणि वकिलाचे शुल्क वाचवल्याचा आनंद मानला. मात्र परदेशात झालेला दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तेथील मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही गोष्ट मला कोणत्याही संकेतस्थळाने सांगितली नाही, किंवा सांगितली असेल तर मी ती वाचली नाही. भावाने ते पाकीट पाच महिने कपाटात ठेवले. शेवटी दुसरे मुखत्यारपत्र करावे लागले आणि ते एका वकीलबाईंनी व्हिडिओवर समोर बसून अक्षरशः हाताला धरून करून घेतले.

आमच्यासारख्या कुटुंबांमुळे पुण्यातील वकिलीला एक नवेच काम मिळाले आहे, हे या धाग्यात कोणी मांडलेले नाही. लग्न पुण्यात, घटस्फोटाचा हुकूम परदेशातील न्यायालयाचा आणि मूल तिसऱ्याच देशात, अशी प्रकरणे माझ्या ओळखीतच तीन आहेत. परदेशी घटस्फोट भारतात केव्हा मानायचा याचे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात केले आहे. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात मात्र भारत सामील नाही, त्यामुळे प्रत्येक प्रकरण पहिल्या पायरीपासून लढावे लागते. दोन देशांचे कायदे समजून घेऊन रडणाऱ्या माणसाशी नीट बोलू शकणारा वकील मिळणे कठीण आहे.

दिवाणी_वकील
अगदी खरे. आणि त्यातच परदेशी वकील येथे येणार काय, हा जुना वादही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये असा निर्णय दिला की न्यायालयात उभे न राहता केवळ सल्ला देणे किंवा मसुदे करणे हीसुद्धा १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालील वकिलीच आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालाजी प्रकरणात तेच तत्त्व राखले; केवळ अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्याबाबत सल्ला देऊन परत जाण्यास आडकाठी ठेवली नाही. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये नियम केले, २०२५ मध्ये ते सुधारले, आणि नोंदणी करून परदेशी कायद्यापुरते, न्यायालयाबाहेरचे काम करण्याची मुभा दिली. आमच्या बाररूममध्ये यावर दोन दिवस तावातावाने चर्चा झाली. मला विचाराल तर लंडनचा वकील खेड न्यायालयात मनाई हुकमाचा अर्ज चालवायला येणार नाही. त्याची झळ चाकणच्या ताईंना आणि मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांना लागेल.

चाकणची_करारवाली
झळ कसली, मला तर हवेच आहे. जर्मन कायद्याचे मत मागवायला आज फ्रँकफुर्टला तासाचे पैसे मोजावे लागतात.

नवी_सनद
मी स्वतः ज्युनिअर आहे, सनद मिळून दीड वर्ष झाले. येथे सर्वजण आमच्याविषयी बोलत आहेत, म्हणून आमची बाजू मांडते.

पहिली गोष्ट पैशांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून शहरात ज्युनिअरला दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि माझ्या ओळखीतील बहुतेकांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. तेव्हा यंत्र आमचे पोट मारील ही भीती मला थोडी विनोदी वाटते.

दुसरी गोष्ट भाषेची. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पुण्याची खंडपीठाची मागणी मात्र तशीच आहे, त्यामुळे आमचे अपील मुंबईला आणि सर्व मराठी कागद इंग्रजीत. ही भाषांतरे करणे हे माझे अर्धे आयुष्य झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने निवाड्यांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली आणली. आम्ही बाजारातील यंत्रे वापरतो. त्यांनी वेळ वाचतो यात शंका नाही. पण गेल्या आठवड्यात माझ्या मसुद्यात ‘कूळ’ या शब्दाचे भाषांतर वंश असे आले होते आणि ‘बखळ जागा’, म्हणजे मोकळी जागा, चक्क गायब होती. कूळकायद्याच्या दाव्यातच कूळ नाहीसे झाले तर लढायचे कशावर?

चाकणच्या ताईंचा शिरस्ता मला फार आवडला. परंतु माझ्या कचेरीत अशी सवड कोणी देत नाही. आता यंत्र आहे म्हणून पूर्वी दोन दिवसांत मागत तो मसुदा दोन तासांत मागतात. वाचलेला वेळ शिकण्यासाठी आमच्या वाट्याला येतच नाही.

टंकलेखक_आवारातला
मी न्यायालयाच्या आवारात बावीस वर्षे टंकलेखन करत आहे. टंकलेखन यंत्र गेले, संगणक आला, आता ई-फायलिंगसाठी कागद स्कॅन करणे, पृष्ठक्रमांक घालणे आणि फाइल चढवणे ही कामे करतो. ज्या वकीलसाहेबांनी ई-फायलिंगविरुद्धच्या निवेदनावर सही केली त्यांतील बरेच जण आज माझ्याच टेबलाशी रांगेत उभे असतात. नवी सनदवाल्या ताईंनी कूळ परत मिळवण्यासाठी जरूर यावे.

कोडवाला_बावधन
मला खोट्या निवाड्यांविषयी विचारायचे आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केले आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला, हे सर्वांना माहीत आहे. येथे तसे घडते काय?

दिवाणी_वकील
माझ्याच कचेरीत घडता घडता राहिले. ज्युनिअरने पाच निवाडे दिले. चार बरोबर होते. पाचव्याला नाव होते, वर्ष होते, पृष्ठ क्रमांकही होता आणि त्यातील वाक्य इतके आमच्या सोयीचे होते की मला त्याचाच संशय आला. इतकी वर्षे वकिली केल्यावर एवढे कळते की कोणताही निवाडा आपल्या बाजूने इतका नेमका बोलत नाही. खंड काढून पाहिला, तर त्या पृष्ठावर विक्रीकराचा खटला होता. आता माझ्याकडे नियम आहे की ज्याने मूळ निवाडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला नाही त्याने तो टिपणात घालायचा नाही. न्यायालयेही सावध झाली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच जाहीर केले आणि निर्णय घेण्यासाठी अशा साधनांचा वापर करण्यास मनाई केली.

आणि कोडवाला, आपल्यासाठीही काम आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा जो खटला झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयासमोर आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारी संगणकी खूण, लिहावी लागते आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. ही सही करायला माणूस मिळत नाही म्हणून माझे दोन अर्ज पडून आहेत.

कोडवाला_बावधन
हॅश काढणे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पण सही केली तर मला साक्षीला बोलावतील काय?

दिवाणी_वकील
बोलावतील, आणि समोरचे वकील उलटतपासही घेतील.

कोडवाला_बावधन
मग थोडा विचार करून सांगतो.

नवी_सनद
पाहा, येथेच सर्व आले. यंत्र उत्तर देते, पण पिंजऱ्यात उभे राहत नाही.

निवृत्त_रोखपाल
सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मी मुलीला संपूर्ण वाचायला दिला. तिने वडिलांच्या वयाच्या मंडळींचे म्हणणे भराभर ओलांडले आणि पूर्वाश्रमीचे एलपीओ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. “तुकडा फार चांगला शिकलो” हे वाक्य तिला लागले असावे. खराडीचे दार तिने बंद केलेले नाही. मात्र येत्या सुट्टीत दोन महिने शिवाजीनगरला बसून एक तरी दावा दाखल होण्यापासून साक्षीपुराव्यापर्यंत पाहायचा, असे तिने ठरवले आहे. दावा दोन महिन्यांत तेथपर्यंत पोचत नाही हे मी तिला सांगितले, तेव्हा वेगवेगळ्या टप्प्यांवरचे चार दावे पाहीन, असे ती म्हणाली. दिवाणी वकीलसाहेबांची हरकत नसेल तर काही दिवस तिने आपल्या मागच्या बाकावर बसावे काय?

दिवाणी_वकील
अवश्य पाठवा. सोमवारी एका वृद्ध साक्षीदाराचा उलटतपास आहे, त्या दिवसापासून येऊ द्या. संगणक आणला तरी चालेल, पण पहिल्या आठवड्यात मी तिला एक जुनी कैफियत हाताने उतरवायला देणार आहे, त्याबद्दल तिने रागावू नये.

निवृत्त_रोखपाल
ती म्हणते की रागावणार नाही. फक्त दुचाकी कोठे लावावी, असे विचारते आहे.

अर्धवट_पुणेकर
मेट्रोने यावे. दोन्ही मार्गिका न्यायालयाशीच मिळतात.